बाग कुठे हवी, मैदान कुठे हवे? सोलापुरात गरज मोजण्याची पद्धत

‘आमच्या भागात बाग करा’ एवढे निवेदन द्यायला एक कागद पुरतो. पुढचे प्रश्न अवघड असतात. बाग कुणासाठी, कुठल्या जागेवर, कुठल्या पाण्यावर? आणि संध्याकाळी सात वाजता तिचे फाटक उघडे कोण ठेवणार? हे प्रश्न आधी सोडवले नाहीत तर काय होते ते शहरात फिरताना दिसतेच: गंज चढलेली घसरगुंडी, वाळलेली हिरवळ, उद्घाटनाची कोनशिला मात्र ठणठणीत.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे ज्यांना आपल्या प्रभागाची खरी गरज मोजून कागदावर मांडायची आहे. तुम्ही कॉलनीच्या कमिटीत असाल, वास्तुकलेचे विद्यार्थी असाल किंवा एखाद्या नगरसेवकाच्या कार्यालयात काम करत असाल, तर तुमच्यासाठीच. पदवी लागत नाही. वही, मोबाइल आणि चार-पाच चालणारी माणसे लागतात. सगळ्या कामाला साधारण दोन-तीन महिने धरा आणि त्यातला निदान काही भाग उन्हाळ्यात येऊ द्या. डिसेंबरच्या थंडीत मोजलेले सोलापूर अर्धेच असते.

पहिली पायरी: हद्द आखा

पूर्ण शहर मोजायच्या फंदात पडू नका. सोलापूर महापालिका १ मे १९६४ रोजी झाली, १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि शहराचे क्षेत्रफळ १७८.५७ चौरस किलोमीटरवर गेले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९,५१,५५८ होती. भागाकार केला तर चौरस किलोमीटरला साधारण ५,३०० माणसे येतात. हा आकडा खरा असला तरी तुमच्या कामाचा नाही. हद्दवाढीत आलेल्या देगाव, केगाव, बाळे, सोरेगावच्या बाजूला अजून शेते आहेत आणि जुन्या पेठांमध्ये घराला घर चिकटलेले आहे. दोन्हींची सरासरी काढली की पेठेतल्या पोराला कागदावर शेतातली हवा मिळते.

म्हणून साधारण पाच ते पंधरा हजार वस्तीचा, पायी फिरता येईल असा तुकडा निवडा. अशोक चौकामागचा भाग, साखर पेठ, शेळगी, विडी घरकुल, जुळे सोलापुरातल्या चार-सहा कॉलन्या, असा. हद्द ओढताना प्रभागाच्या रेषेला फार मान देऊ नका, माणसे कुठून कुठे सहज चालत जातात ते बघा. एक खबरदारी घ्या: कुंभारीची विडी कामगारांची मोठी घरकुले महापालिकेच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेत. तिथली गरज शहराशी कितीही जोडलेली असली तरी अर्ज वेगळ्या दारात जातो.

दुसरी पायरी: मोजपट्टी माहीत करून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका

केंद्र सरकारची नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांना यूआरडीपीएफआय म्हणतात. २०१४ ची आवृत्ती सध्या वापरात आहे. शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे त्यात धरले आहे. शिवाय एक उतरंड दिली आहे: ५,००० वस्तीला अर्ध्या हेक्टरची बाग, १५,००० ला एक हेक्टरची, एक लाखाला पाच हेक्टरचे उद्यान, पाच लाखांना पंचवीस हेक्टरचे. अर्धा हेक्टर म्हणजे सव्वा एकर, आपल्या हिशेबात जवळपास पन्नास गुंठे.

सोलापूरला हे लावून बघा. २०११ च्याच लोकसंख्येला माणशी १० चौरस मीटर धरले तर सुमारे ९५२ हेक्टर लागतात, म्हणजे साडेनऊ चौरस किलोमीटर. शहराच्या क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांहून थोडे जास्त. ऐकायला फार वाटत नाही. आता उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी घ्या. पाच हजारांमागे एक बाग या हिशेबाने जवळजवळ १९० बागा लागतील, प्रत्येकी पन्नास गुंठ्यांच्या. मंगळवार पेठेत किंवा भवानी पेठेत सलग पन्नास गुंठे शोधून दाखवा!

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने अंतराची अट सुचवली आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा. मला ही मोजपट्टी माणशी चौरस मीटरपेक्षा जास्त पटते, कारण ती माणसाच्या दारातून सुरू होते. दाट पेठांमध्ये जागेचा आकार अर्ध्यावर आणा, पाव करा, पण अंतराची अट सोडू नका. दहा गुंठ्यांची सावलीची जागा तीन मिनिटांवर असेल तर आजी रोज जाते. दहा एकरांचे उद्यान तीन किलोमीटरवर असेल तर ती वर्षातून एकदा, पाहुणे आले की जाते.

तिसरी पायरी: आहे ते मोजा

इथे वेळ द्या. उद्यान विभागाकडून बागांची यादी मागा, पण ती पूर्ण यादी आहे असे समजू नका. शहरातल्या मोकळ्या जागांचे मालक वेगवेगळे आहेत. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली, विजापूर रोडचा सिद्धेश्वर वनविहार वन खात्याचा, शाळा-कॉलेजची मैदाने संस्थांची, कॉलनीतल्या खुल्या जागा कागदावर एकाच्या आणि ताब्यात दुसऱ्याच्या. म्हणून यादी चार ठिकाणांहून जुळवा: उद्यान विभाग, नगररचना विभागाचा विकास आराखडा, मंजूर ले-आउटचे, म्हणजे प्लॉट पाडलेल्या जमिनीचे, नकाशे आणि तुमचे पाय.

उपग्रहाचे चित्र मोबाइलवर उघडून हिरवे दिसेल तिथे टिंब टाकण्याचा मोह होतो. टाका, पण मग प्रत्येक टिंबापाशी जाऊन या. होटगी रोडचे विमानतळ चित्रात मोठी मोकळी जागा दिसते, तिथे कोणाला पकडापकडी खेळता येत नाही. एखादे कॉलेजचे मैदान सकाळी फिरणाऱ्यांना उघडे असते आणि दिवसभर बंद. नाल्याकाठची वेडी बाभूळही वरून छान हिरवी दिसते.

शहराच्या मोठ्या जागांची टिंबे टाकली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. किल्ला, त्याला लागून हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलाव, होम मैदान, पार्क स्टेडियम हे सगळे शहराच्या मध्यात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे. धर्मवीर संभाजी तलाव, ज्याला जुनी माणसे अजून कंबर तलावच म्हणतात, आणि वनविहार विजापूर रोडला. २०१६ च्या पहिल्या यादीत सोलापूर स्मार्ट सिटीत निवडले गेले, तेव्हाही पार्क स्टेडियम, होम मैदान, सिद्धेश्वर तलाव अशी मोठी कामे मध्यभागातच झाली, कारण त्या योजनेचा ढाचाच एक ठरावीक क्षेत्र निवडून तिथे खर्च करण्याचा होता. शहराचा चेहरा त्याने नीट झाला असेल, पण यंत्रमाग आणि विडीच्या वस्त्यांची पूर्व बाजू त्या टिंबांपासून किती लांब पडते ते नकाशावर स्वतः मोजा. तुमच्या अहवालाचे पहिले पान तेच असेल.

प्रत्येक जागेची एक पानभर नोंद करा. नाव, लोक तिला काय म्हणतात ते नाव, मालक, क्षेत्रफळ, उघडण्याच्या वेळा, तिकीट असेल तर किती. मग जागेवर काय आहे ते: सावली किती, बसायला जागा किती, पिण्याचे पाणी आहे का, स्वच्छतागृह आहे का आणि ते उघडे आहे का. बायकांचे स्वच्छतागृह कुलूपबंद असेल तर ‘नाही’ असेच लिहा. दिवे लागतात का ते अंधार पडल्यावर जाऊन बघा. झोक्याच्या साखळ्या, घसरगुंडीचा खालचा पत्रा, ओपन जिमच्या यंत्रांचे सैल बोल्ट यांचे फोटो घ्या. फाटकाची रुंदीही मोजा. दुचाकी आत येऊ नये म्हणून लावलेले वळणाचे फाटक व्हीलचेअर आणि बाबागाडीलाही तितक्याच निष्ठेने अडवते. व्हीलचेअरला किमान ९० सेंटिमीटर मोकळी वाट आणि उतार एकास बारा लागतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, त्यामुळे ही मागणी करताना आवाज बारीक करायची गरज नाही.

आणि वापरता येणारे क्षेत्र वेगळे लिहा. कागदावर चाळीस गुंठे असलेल्या बागेत पाण्याची टाकी, समाजमंदिर, बंद पडलेले कारंजे आणि पेव्हर ब्लॉकचे पार्किंग वजा केले की कधी वीस गुंठे उरतात, कधी बारा. पुढचा सगळा हिशेब या उरलेल्या आकड्यावर करायचा.

चौथी पायरी: माणसे मोजा, आणि घड्याळ बघून मोजा

अमेरिकेत बागांच्या वापराची मोजणी करण्यासाठी सोपार्क नावाची एक पद्धत आहे. तिचे मर्म सोपे आहे. बागेचे चार-पाच भाग पाडायचे, ठरावीक वेळी प्रत्येक भागावरून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी किती बायका, किती पुरुष, वय साधारण काय, बसलेत, चालतायत की पळतायत, एवढे नोंदवायचे. नावे विचारायची नाहीत, लहान मुलांचे फोटो काढायचे नाहीत. दिवसातून चार फेऱ्या, आठवड्यातले निदान चार दिवस, त्यात एक रविवार.

सोलापुरात या फेऱ्यांच्या वेळा पुस्तकातून घेऊ नका. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी साडेनऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी बाग रिकामीच असणार. ती रिकामी आहे म्हणून लोकांना नको आहे, असा निष्कर्ष काढला तर तो उन्हाचा अहवाल झाला. पहाटे साडेपाच-सहा, संध्याकाळी सहा, रात्री आठ आणि शक्य असेल तर साडेनऊ या वेळा ठेवा. उन्हाळ्यात रात्रीची बाग ही इथली खरी गरज आहे, आणि कित्येक बागांची फाटके नेमकी तेव्हाच बंद होतात. यंत्रमागाच्या वस्तीत असाल तर पाळी कधी बदलते ते विचारून घ्या. बारा तास मागापुढे उभा राहिलेला माणूस वॉकिंग ट्रॅक मागत नाही, त्याला पाय पसरायला कट्टा आणि वारा हवा असतो.

मोजणीचे महिनेही सांभाळा. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, तेव्हा ते मैदान खेळासाठी धरता येत नाही आणि गर्दीचा आकडाही रोजचा नसतो. गणपतीच्या आधीचे आठवडे मात्र मुद्दाम मोजा. संध्याकाळी लेझीमचा सराव करायला मंडळे जागा शोधत असतात, जागा नसली की रस्त्यावर ताल धरतात. ही शे-दीडशे पोरांची, अलीकडे मुलींचीही, करमणूक आणि व्यायाम दोन्ही आहे. पण कुठल्याही सरकारी नमुन्यात ‘लेझीम सराव’ असा रकाना सापडणार नाही. तुम्ही तो काढा. तसाच तालमीचा, खो-खोचा, आणि दोन चपला ठेवून होणाऱ्या गल्ली क्रिकेटचा.

बागेत कोण दिसले यापेक्षा कोण दिसले नाही हे जास्त बोलके असते. मोजणीत तिशीच्या बायका जवळजवळ नसतील, किंवा अकरा-बारा वर्षांनंतरच्या मुली एकदम गायब होत असतील, तर तिथे ठळक खूण करा. पुढच्या पायरीत त्यांनाच गाठायचे आहे.

पाचवी पायरी: घरोघर विचारा

बागेत आलेल्यांनाच विचारले तर उत्तर ‘बाग छान आहे’ असेच येणार. न येणारे घरी असतात. त्यांच्याकडे जा.

किती घरे? घरांची यादी किंवा गल्ल्यांचा नकाशा घेऊन ठरावीक अंतराने घर निवडा, दर दहावे किंवा दर पंधरावे. असे निवडलेली १०० घरे झाली तर टक्केवारीत दहाच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकते, ४०० केली तर पाचच्या आसपास. पहिल्या खेपेला शंभर-दीडशे पुरे. ओळखीच्या घरांचे ढीग करू नका. आणि फक्त गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका, त्याला उत्तर देणारे तेच असतात जे एरवीही निवेदनावर सह्या करतात.

भाषेचा मुद्दा सोलापुरात वरवरचा नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू चालते, अनेक पेठांत कन्नड, काही मोहल्ल्यांत उर्दू-दखनी. दारातली म्हातारी मराठी समजते, पण मनातले सांगायची वेळ आली की स्वतःच्या भाषेत जाते. तुमच्या गटात त्या भाषेची एक व्यक्ती, आणि शक्यतो बाई, असलीच पाहिजे. प्रश्नावली छापील मराठीत चालेल, विचारणे घरच्या भाषेत.

वेळही बघा. नळाला पाणी काही दिवसांआड येते, ज्या दिवशी येते त्या वेळी कुणाचे दार वाजवलेत तर दोन्ही बाजूंनी वेळ वाया. विडी वळणाऱ्या बायकांचे हात दिवसभर सुपातल्या पानावर असतात. हात चालू ठेवून त्या बोलतात, फक्त तुम्ही खुर्ची न मागता शेजारी खाली बसायला हवे. अशा बसण्यातून जे कळते ते फॉर्ममधून कळत नाही. ‘बागेत जाता का?’ याला ‘वेळ कुठंय’ असे उत्तर येते. ‘कारखान्यात विड्या देऊन येताना वाटेत बसायला जागा असली तर थांबाल का, पोरं कुठे खेळतात, उन्हाळ्यात रात्री कुठे बसता?’ असे विचारले की गोष्ट उलगडते.

प्रश्न दहाच्या पुढे नेऊ नका. प्रत्येक सोयीबद्दल दोन गोष्टी विचारल्या की बरेच हाती लागते: ही गोष्ट तुमच्या घराला किती गरजेची, आणि सध्या ती कितपत मिळते. गरज जास्त आणि मिळते कमी, तिथे तुमची तूट. गरज कमी आणि मिळते भरपूर, तिथे आणखी पैसे घालू नयेत, हेही अहवालात लिहायला हवे. ओपन जिमबद्दल माझा अंदाज असा की बऱ्याच ठिकाणी ती याच दुसऱ्या गटात पडेल. ती बसवायला सोपी, फोटोत उठून दिसते, म्हणून होते. तुमच्या भागातले लोक वेगळे म्हणाले तर अर्थात लोकांचे खरे.

मुलांना वेगळे विचारा, शाळेत परवानगी काढून, चित्र काढायला लावून. ‘शाळा सुटल्यावर कुठे खेळता ते काढा’ एवढेच. पोरे जागेचे नाव, तिथला कुत्रा, ओरडणारे काका, सगळे काढतात.

सहावी पायरी: पोचायचे अंतर

जागेभोवती ४०० मीटरचे वर्तुळ काढून आतली घरे मोजणे ही नवख्यांची आवडती पद्धत. माणूस वर्तुळातून उडत जात नाही. होटगी रोडवरून जुळे सोलापुरात जायला आसरा पूल चढावा लागतो. नकाशावर जवळ असलेली जागा रेल्वेच्या रुळांमुळे लांब जाते. हैदराबाद रोड, अक्कलकोट रोडसारख्या रस्त्यावर जड वाहने धावत असतील तर आठ वर्षांच्या मुलासाठी रस्त्यापलीकडची बाग दुसऱ्या गावात आहे असे धरा.

खरे अंतर चालून मोजा. एका आजींबरोबर आणि एका लहान मुलाबरोबर. पाच मिनिटांत, दहा मिनिटांत कुठवर पोचता येते त्या रेषा नकाशावर ओढा. वाटेत फुटपाथ, दिवा, गटाराचे झाकण, मोकाट कुत्री काय भेटते ते लिहा. कधी कधी असे निघते की बाग पुरेशी आहे, कमी आहे तो एक सिग्नल आणि चार दिवे. बाग बांधण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आणि लवकर होते.

सातवी पायरी: तूट काढा

आता आकडेमोड. समजा तुमच्या तुकड्यात १२,००० माणसे आहेत आणि वापरता येणारी जागा सगळी मिळून २,४०० चौरस मीटर. म्हणजे माणशी ०.२ चौरस मीटर, सतरंजीच्या कोपऱ्याएवढी. पाच हजाराला अर्धा हेक्टर या हिशेबाने १२,००० चौरस मीटर हवेत, म्हणून तूट ९,६०० चौरस मीटर, सुमारे ९५ गुंठे. हे केवळ उदाहरण आहे. तुमचे आकडे तुम्ही भरा.

एवढ्यावर थांबलात तर हाती फक्त एक मोठा, न मिळणारा आकडा राहतो. म्हणून तुटीचे तुकडे करा. किती तूट वेळेची आहे, फाटक बंद असल्यामुळे? किती दुरुस्तीची? किती वाटेची? आणि हे सगळे वजा जाता उरते ती किती जागेची? शाळेचे मैदान शाळा सुटल्यावर दोन तास उघडले तर कितीजणांची सोय होते तेही इथेच मांडा. माझ्या मते जुन्या पेठांत पहिल्या तीन तुकड्यांतच बरेच काही भागते. हद्दवाढ भागात उलटे आहे: तिथे जागा आज आहे, दहा वर्षांनी नसेल, म्हणून तिथे आधी जागा धरून ठेवणे महत्त्वाचे, झोपाळे नंतर.

आठवी पायरी: पाण्याचा हिशेब

हे पान नसेल तर बाकी अहवाल वाचायला घेऊ नये, इतके मला ते मोलाचे वाटते. सोलापुरात पाऊस कमी, तोही लहरी. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे दिवसाला पाचेक लिटर पाणी धरावे लागते. दहा गुंठ्यांची हिरवळ म्हणजे हजार चौरस मीटर, म्हणजे रोज पाच हजार लिटर. एक टँकर, रोज, चार महिने. ज्या गल्लीत माणसांना नळाची वाट बघावी लागते तिथे हिरवळीवर टँकर रिकामा होताना लोक बघत बसणार नाहीत, आणि बसूही नये.

म्हणून प्रत्येक प्रस्तावित जागेसमोर पाणी कुठून ते लिहा: बोअर असेल तर मे महिन्यात तो किती चालतो, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी आणता येईल का, पावसाचे पाणी मुरवायला खोलगट भाग ठेवता येईल का. हिरवळीऐवजी झाडे मागा. कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ, बहावा ही झाडे पहिली दोन-तीन वर्षे जगवली की पुढे बरीचशी स्वतःच्या जिवावर राहतात, आणि सावली देतात. सोलापूरच्या बागेत सावली हीच मुख्य सोय. जमीन मुरमाची, झाडून घेता येईल अशी असली तरी चालते. लेझीमलाही तीच बरी आणि कबड्डीलाही.

राखणीचा खर्चही इथेच: वॉचमन, माळी, वीजबिल, दुरुस्ती. बांधायला निधी मिळतो, आमदार निधीतून, खासदार निधीतून, जिल्हा नियोजनातून. रोज झाडू मारायला मात्र महापालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी तरतूद लागते. ती कोण करणार हे आधी ठरले नसेल तर लहान आणि साधे मागा.

नववी पायरी: आरक्षणाचे कागद

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली शहराचा विकास आराखडा होतो. त्यात उद्यान, क्रीडांगण, बगीचा अशी आरक्षणे, म्हणजे त्या कामासाठी राखून ठेवलेल्या जागा, क्रमांकासह असतात. नगररचना विभागातून तुमच्या भागाचा नकाशा घ्या, प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, ताबा आला की नाही, आज जागेवर काय आहे, असा तक्ता करा. मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून मालक जुळवा.

तारखा नीट बघा. याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण उडते. म्हणजे नकाशावर हिरवे दिसणारे एखादे आरक्षण आज नावापुरतेच असू शकते. उरलेल्यांपैकी कुठले उडायच्या बेतात आहे ते शोधून अहवालात पहिल्या क्रमांकावर ठेवा.

कॉलनीतल्या खुल्या जागांचे वेगळे बघा. ०.४ हेक्टरच्या वरच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा करमणुकीसाठी खुली सोडावी लागते. ती विकायची नसते. बेंगळुरूमध्ये बागेसाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. कॉलनीतल्या खुल्या जागेवर हॉलचा पाया खोदला जाताना दिसला तर हा निकाल उपयोगी पडतो, भांडणापेक्षा जास्त.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार कायदा २००५ चा अर्ज, दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवस. प्रश्न नेमका विचारा: ‘अमुक प्रभागातील उद्यान व क्रीडांगण आरक्षणांची क्रमांक, क्षेत्रफळ व ताब्याच्या तारखेसह यादी.’ ‘बाग का होत नाही?’ असे विचारले तर उत्तरही तसेच मोघम येईल.

दहावी पायरी: मांडणी

अहवाल दहा-बारा पानांत संपवा. पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर तूट आणि तिचे तुकडे, तिसऱ्यावर मागण्या, त्याही तीन गटांत: या महिन्यात होण्यासारख्या, या वर्षी होण्यासारख्या, आराखड्यात घालायच्या. पहिल्या गटात फाटकाची वेळ, स्वच्छतागृहाचे कुलूप, दिवे. याला निधी लागत नाही किंवा नगण्य लागतो, म्हणून हो म्हणणे सोपे जाते, आणि एक हो मिळाला की पुढच्या बैठकीत तुम्हाला खुर्ची मिळते.

आयुक्तांकडे, उद्यान विभागाकडे, नगररचनेकडे आणि आपल्या विभागीय कार्यालयाकडे प्रती द्या, आवक क्रमांक घ्या. महापालिकेचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधी चालते, म्हणून दिवाळीच्या सुमारास अहवाल त्यांच्या टेबलावर असावा. मार्चमध्ये दिलेला कागद पुढच्या वर्षीचा असतो. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले तर हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते. तोवर तुमचा तक्ता तयार असेल तर त्या मुदतीत फक्त पान फाडून जोडायचे उरते.

देण्याआधी मात्र निष्कर्ष वस्तीत वाचून दाखवा, त्यांच्या भाषेत, संध्याकाळी, कट्ट्यावर. कुणीतरी उठून म्हणेल की अमुक कोपऱ्यातली जागा तुमच्या नकाशात नाहीच, किंवा त्या बागेत आमच्या मुली कधीच जात नाहीत आणि त्याचे कारण दिव्याचे नाही. ते लिहून घ्या, नकाशा दुरुस्त करा, मग आवक क्रमांक घ्यायला जा.